वेई मावशींच्या नावापुढचं शून्य

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील. चार वर्षांनी पत्र आलंय म्हणजे बाबांना काहीतरी झालं असणार, असं तुला वाटेल. बाबांना काही झालेलं नाही. ते खाली दुकानात बसून कालवांचं ऑम्लेट खाताहेत आणि त्यांच्या चघळण्याचा आवाज मला वरपर्यंत येतोय. मला त्या आवाजाची शिसारी येतेय. हे मी लिहितेय, यावर तुझा विश्वास बसणार नाही, कारण या घरात बाबांची बाजू घेणारी कायम मीच होते. तुला मेल केली नाही, कारण घरच्या सगळ्या मेल-खात्यांच्या चाव्या अजूनही बाबांकडेच आहेत. रजिस्टरही करणार नाही. आलेलं रजिस्टर पत्र आपल्या घरी कोण कुणाच्या नावाच्या शिक्क्याने उतरवून घेतं, ते तुला मी सांगायला नको. साधं तिकीट लावून टाकते. शनिवारपर्यंत ह्वालिएनला तुझ्या बेकरीत पोचायला हवं.

चुआंग शेठच्या नळाच्या कारखान्यातल्या वेई मावशी तुला आठवतात ना? प्रिंटरची शाई न्यायला यायच्या आणि आपल्या दोघींसाठी गोड पोळ्यांचा पुडा आणायच्या त्या. बावीस वर्षं त्या तिथे तयार माल तपासायच्या, आणि शेवटची सात वर्षं यंत्रांच्या सुरक्षेचं कामही त्यांच्याच गळ्यात होतं. जानेवारीत तीन नंबरच्या प्रेसमध्ये न्हुंग नावाच्या व्हिएतनामी मुलीची डाव्या हाताची चार बोटं गेली. हात आत गेला की यंत्र आपोआप थांबवणारा किरणांचा पडदा असतो, तो तारेने बांधून बंद करून ठेवलेला होता. तसं केलं की नग जास्त निघतात. आता चुआंग शेठ म्हणतो की मला हे कुणी कधी सांगितलंच नाही, सांगणं वेई मावशींचं काम होतं. फेब्रुवारीत चांद्र नवं वर्ष झाल्या झाल्या त्याने मावशींना काढून टाकलं. मावशी म्हणतात, मी सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. येत्या बुधवारी कामगार कार्यालयात सुनावणी आहे. मावशींनी लिहिलं होतं की नव्हतं एवढाच प्रश्न आहे, ताई. आणि त्याचं उत्तर या क्षणी माझ्या कपाटात, हिवाळ्यातल्या स्वेटरांच्या खाली ठेवलेलं आहे.

फेब्रुवारीअखेर शेठने बाबांना फोन केला. कारखान्याचा मेल-सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत बारा वर्षं घरघरत होता, तो आता बंद करायचा आणि सगळी खाती बाहेरच्या भाड्याच्या सेवेवर न्यायची. चव्वेचाळीस खाती. बाबांनी काम माझ्यावर सोपवलं. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू! तू गेल्यापासून एवढं मोठं स्थलांतर आम्ही केलंच नव्हतं. मी नवी वही काढली, रेघा मारल्या. तुला ते आठवतं का, आपण लहान असताना दोघी काउंटरवर बसायचो, तुझ्यापुढे जुन्या यंत्राची यादी, माझ्यापुढे नव्याची. बाबा पेन्सिल घेऊन उभे. "जुनी?" "चारशे सव्वीस." "नवी?" "चारशे सव्वीस." "पुढे." एकदा तू कंटाळून रिकामं खातं गाळलंस तर बाबांनी सगळी यादी पहिल्यापासून वाचायला लावली होती. रिकामं आहे हेसुद्धा मोजून कळतं, म्हणाले होते. शाळेत मी गणित शिकायच्या आधी हे शिकले. आणि दुसरं ते, प्रत्येक खात्यातली तीन पत्रं उघडायची, सगळ्यात जुनं, सगळ्यात नवं आणि मधलं एक. अक्षरं धड आली आहेत का बघायचं आणि बंद करायचं. "बघायचं, वाचायचं नाही. डॉक्टर अंगाकडे बघतो तसं." मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून असंच बघत आलेय. पन्नासेक कंपन्यांची पत्रं माझ्या डोळ्यांसमोरून गेली असतील, पण एकाही घरातलं भांडण मला ठाऊक नाही. मला याचा गर्व होता. आता त्या गर्वाचीही किळस येते.

मार्चच्या मध्यावर वेई मावशी दुकानात आल्या. हातात तोच पोळ्यांचा पुडा. केस एकदम पांढरे दिसत होते. रंगवणं सोडलं असावं. शाई घ्यायला आल्यासारख्या थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "आ-चेन, कारखान्याचं मेलचं काम तू करतेयस म्हणे. माझं खातं आहे ना गं तिथे? मला आता ते उघडत नाही. माझ्याकडे कशाची प्रत नाही. ऑफिसची पत्रं घरी कशाला न्यायची, असं मी आपलं..." बाबा मागे पडद्याआड कीबोर्ड साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ब्रश थांबला. मी म्हटलं, "मावशी, आमच्या धंद्यात एका ग्राहकाचं दुसऱ्याला सांगत नाहीत." अगदी बाबांच्या आवाजात म्हटलं. वर आणखी, "तुम्ही रीतसर अर्ज करा." ताई, त्या बाईने काय केलं असेल? माझ्या हातावर थोपटलं. "बरोबर आहे. तसंच असायला पाहिजे. तुझ्या बाबांनी नीट वळण लावलंय तुला." आणि पुडा ठेवून गेल्या. बाबांनी त्यातली पोळी खाल्ली. मी खाल्ली नाही, पण तेव्हा ते चांगुलपणामुळे नव्हे, पोट भरलेलं होतं म्हणून.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी दुसरी मोजणी केली. कारखान्यात बसून, भरदिवसा, बाहेर पॉलिशच्या चाकांचा किरकिराट चालू. पितळेची धूळ तिथे सगळ्यावर बसलेली असते, टेबलावर, चहाच्या कपांच्या कडांवर, माणसांच्या भुवयांवर. जेवताना दाताखाली येते. मी खाती एकेक करून पुढे सरकत होते आणि चुआंग शेठच्या खात्यापाशी अडकले. त्याने मेल वर्षावार कप्प्यांत ठेवल्यात. जुन्या वर्षांच्या कप्प्यांत आता भर पडायचं काही कारण नाही, तशी घटही व्हायला नको. पण फेब्रुवारीत मी लिहून ठेवलेल्या आकड्यांपेक्षा सात वर्षांच्या कप्प्यांत मिळून एक्केचाळीस पत्रं कमी होती. मला वाटलं, चूक माझी. मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच आला. मी पुढच्या खात्यांकडे गेले. वेई मावशींचं खातं चव्वेचाळिसावं, अगदी शेवटचं. नेहमीसारखी तीन पत्रं उघडली. सगळ्यात जुनं पत्र मोजपट्ट्यांच्या खरेदीचं. मधलं कुठल्याशा सहलीचं. आणि सगळ्यात नवं, अपघाताच्या दोन दिवस आधीचं, चुआंग शेठच्या नावे. मी वाचलं. डॉक्टर अंगाकडे बघतो तसं नाही, माणूस वाचतो तसं वाचलं. "तीन नंबरच्या प्रेसचा पडदा पुन्हा तारेने बांधलेला आहे. आज सकाळी मी स्वतः तार सोडली. दुपारी ती परत बांधलेली होती. तिथे आता नवी मुलगी बसते, तिला अजून यंत्राचा अंदाज नाही. कृपा करून प्रेस थांबवा."

त्यानंतर मी नियम मोडला, ताई. आयुष्यात पहिल्यांदा चौथं पत्र उघडलं. मग सगळीच. शेठच्या नावे, त्या पडद्याबद्दल, सात वर्षांत किती पत्रं होती ते तू ओळखलंच असशील. एक्केचाळीस. सुरुवातीची लांबलचक आहेत, नमस्कार, हवापाणी, क्षमा असावी. मग आखूड होत जातात. शेवटच्या वर्षातल्या काहींना तर नमस्कारही नाही. त्याने उत्तर एकदाच दिलंय. "वेई बाई, तुम्ही मोजमापाकडे बघा. उत्पादनाकडे मी बघतो. पोरींनी हात जपून वापरावेत, त्यांना देवाने डोळे दिलेत." हे वाचून मी उठले आणि कारखान्याच्या संडासात जाऊन ओकले. तिथे भिंतीवर वेई मावशींच्या अक्षरात एक कागद अजून चिकटवलेला आहे, हात धुतल्यावर कोरडे करूनच यंत्राला लावा म्हणून.

मी बाबांना सगळं सांगितलं. लगेच नाही, दोन दिवस पोटात ठेवून. मला वाटलं होतं, बाबा संतापतील. आकडा जुळत नाही म्हटल्यावर तरी! ते फक्त म्हणाले, "तू चौथं पत्र का उघडलंस?" दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना शेठने चहाला बोलावलं. ते चहाचं टेबल तुला आठवत असेल, अख्ख्या झाडाच्या बुंध्याचं. तो विडा चघळत होता आणि कागदी पेल्यात लाल थुंकत होता, आणि त्याच हाताने कपाच्या आतून अंगठा फिरवून पुसून मला चहा ओतत होता. "पी पोरी, डोंगरावरचा आहे." मी कप ओठांना लावून ठेवला. त्याचं म्हणणं अगदी साधं होतं. सुनावणीला एक त्रयस्थ कागद हवा. स्थलांतराचा आपला नेहमीचा ताळ्याचा तक्ता असतोच, कुठल्या खात्यात किती पत्रं होती, किती आली. त्यात शेवटच्या ओळीत वेई बाईंच्या नावापुढे जुन्या जागी शून्य, नव्या जागी शून्य. "म्हातारी बाई, तिला कुठे मेल करता येतेय! तोंडाने बडबडायची. खातं दिलं होतं, वापरलं नाही. झालं." मी म्हटलं, "पण शेठ, तिथे एक हजार नऊशे बारा पत्रं आहेत." तो बाबांकडे बघून हसला. "को, तुझी पोरगी देवळातल्या पुजाऱ्यासारखी मोजते रे! अगं, आहेत म्हणजे काय? डिस्क पुसली की आहेत का?" आणि बाबाही हसले. ताई, बाबांचं ते हसणं मी विसरू शकत नाही. ओठ बाजूला ओढलेले, हिरड्या दिसणाऱ्या, डोळे मात्र चहात. मी बाबांना रडताना पाहिलंय, आई गेली तेव्हा. ते बघवलं होतं. हे बघवलं नाही.

घरी येताना स्कूटरवर मी मागे बसून ओरडत होते. "बाबा, रिकामं खातंसुद्धा मोजायला लावणारे तुम्ही!" ते सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "शेठने हाक मारली की अख्खी नळवाल्यांची आळी आपल्याकडे येते. त्याने तोंड फिरवलं की उद्या आपल्याला कोण विचारेल? तू?" मग हिरवा दिवा लागला. मागची माणसं हॉर्न वाजवत होती तरी ते हलेनात. "आणि वेई बाईंचं काय होणार आहे मोठं? त्यांचं वय झालंय. नोकरी तशीही सुटणारच होती." मी म्हटलं, नोकरीचं कोण बोलतंय. त्या पोरीची बोटं गेली ती वेई मावशींनी तोंड उघडलं नाही म्हणून, असा ठपका त्यांच्यावर बसणार आहे. त्या उरलेलं आयुष्य याच गावात काढणार, याच बाजारात भाजी घेणार. घरी आल्यावर मी तक्ता केला, खऱ्या आकड्यांचा. शेवटच्या ओळीत जुन्या जागी एक हजार नऊशे बारा, नव्या जागी शून्य, आणि शेऱ्यात लिहिलं, "ग्राहकाच्या सांगण्यावरून आणलं नाही." याच्यावर शिक्का मारायला मी तयार आहे, दुसऱ्या कशावर नाही, असं सांगून झोपले. मला वाटलं, मिटलं. तक्त्यावर काम करणाऱ्याचा शिक्का लागतो, दुकानाचा नुसता चालत नाही. माझ्याशिवाय पान हलणार नाही अशा भ्रमात मी होते.

छिंगमिंगला, पितरांच्या सणाच्या दिवशी सकाळी आम्ही आईच्या थडग्यावर जाणार होतो. गवत काढायला विळा, पिवळे कागद, फळं, सगळं तयार होतं. फुलं तेवढी आणायची राहिली होती. बाबा म्हणाले, तू जा, मी दुकान बंद करून घेतो. मी वीस मिनिटांत आले. आम्ही गेलो, गवत काढलं, बाबांनी आईला मोठ्याने सांगितलं की धाकटी आता सगळं काम एकटी सांभाळते. कागदांवर दगड ठेवताना त्यांच्या उजव्या अंगठ्याला लाल डाग होता. मी विचारलंसुद्धा, कापलं का. म्हणाले, नाही, शाई आहे. दोन दिवसांनी कारखान्याच्या ऑफिसातून मला मेल आली, "तत्पर सेवेबद्दल आभार," आणि सोबत तक्त्याची प्रत. चव्वेचाळीस ओळी. त्रेचाळीस खऱ्या. शेवटच्या ओळीत शून्य आणि शून्य. आणि खाली माझं नाव, को यी-चेन, लाल, सरळ, जरासुद्धा तिरकं नाही. बाबा शिक्का मारताना खाली जाड वर्तमानपत्र ठेवतात, श्वास रोखतात, तसा सुबक मारलेला. मी तो कागद पडद्यावर मोठा करकरून बघत होते. स्वतःचं नाव बघून एवढी घाण वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी माझा टूथब्रश वापरून परत जागेवर ठेवावा, तसं.

मी विचारलं तर त्यांनी लपवलंही नाही. "शिक्का घरातलाच आहे. तू बारा दिवसांची होतीस तेव्हा मीच कोरून घेतलाय." आणि खरंच ना, ताई, आपल्या घरी कोण कधी विचारतं? खणात चौघांचे शिक्के एका डबीत, आईचासुद्धा अजून तिथेच. पोस्टमन आला की जो दारात असेल तो ज्याच्या नावाचं असेल त्याचा शिक्का मारून पत्र घेतो. सगळ्या आळीत हेच चालतं. मीही तुझा शिक्का शंभरदा मारला असेल. माझी चूक हीच झाली की मी बाबांना "मारणार नाही" एवढं सांगितलं आणि शिक्का मात्र त्याच डबीत राहू दिला. तो तिथून उचलून स्वतःकडे ठेवायचा म्हणजे बापावर अविश्वास दाखवायचा, असं मला वाटलं. खणाशी दोनदा गेले होते. डबी उघडली आणि लाज वाटून बंद केली.

आता तुझ्या पत्राचं बोलते. हे टाळावं म्हणून वर एवढं लिहीत गेले असेन. चार वर्षांपूर्वी शिन्चूच्या कंपनीचं नेमणुकीचं रजिस्टर पत्र तुझ्या शिक्क्याने उतरवून घेतलं गेलं आणि तुला मिळालं तेव्हा हजर व्हायची तारीख उलटून गेली होती. बाबा म्हणाले, खणात पडलं, विसरलो. तू म्हणालीस, विसरले नाहीत. मी तुझ्यावर किती ओरडले होते! बाबांसारखा काटेकोर माणूस असं मुद्दाम करेल का, तुला लाज वाटत नाही का, असं सगळं. तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस. ताई, मी ते पाकीट पाहिलं होतं. आल्यानंतर तिसऱ्या दिवशी, चिकटपट्टी शोधताना. वरचं तुझं नाव, कंपनीचं नाव, सगळं वाचलं. पाकीट सरळ ठेवलेलं नव्हतं, बिलांच्या पुस्तकाखाली सरकवलेलं होतं. मला कळलं होतं. आणि मी खण लावून टाकला. मला तू जायला नको होतीस. दुकानात यादी वाचायला दोघी लागतात. एवढंच कारण होतं, याहून मोठं काहीतरी असतं तर बरं झालं असतं. मी स्वतःला सांगितलं, बघायचं, वाचायचं नाही. बाबांची घृणा करायला बसले की हे आडवं येतं. त्यांनी एक कागद दडवला आणि मी ते दडवणं दडवलं. चार वर्षं मी या घरातली प्रामाणिक मुलगी म्हणून मिरवतेय. शेजारी तुझं नाव काढतात तेव्हा मान खाली घालते, आणि त्यांना वाटतं तुझ्यामुळे.

डिस्क आजपर्यंत खाली दुकानात होती. करारात लिहिलंय, स्थलांतर झाल्यावर जुनी डिस्क आम्ही पुसून द्यायची. मावशींची पत्रं आता फक्त तिच्यातच आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. बाबा रोज विचारतात, "पुसलीस?" मी रोज म्हणते, "नाही अजून." खोटं बोलत नाही, पण त्यात काय मोठेपणा. आज जेवताना म्हणाले, "तुझे हात जड झालेत. सोमवारी दुपारी मीच पुसतो." म्हणून ती मी वर आणून ठेवलीय. प्रत काढलेली नाही. दोनदा तार जोडायला घेतली आणि ठेवून दिली. ती डिस्क ग्राहकाची आहे, त्यातल्या त्रेचाळीस लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, त्यांची पत्रं घेऊन मी गावभर हिंडणं चोरीच होईल. तू हसशील. वेई मावशींना जाऊन सांगावं असं दहादा मनात आलं, तेही केलं नाही. त्यांनी पुन्हा माझ्या हातावर थोपटलं तर मला सहन होणार नाही. डिस्क पांढऱ्या कागदात गुंडाळून चारी बाजूंनी चिकटवलीय आणि जोडांवर हाताने सही केलीय. बाबांसाठी पावती लिहिलीय, "एक डिस्क, मी नेली," तारीख घालून. निघताना काउंटरवर ठेवीन.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी चांगह्वाला कामगार कार्यालयात जाणार आहे. डिस्क त्यांच्या टेबलावर ठेवेन आणि सांगेन की शेवटच्या ओळीतला आकडा खोटा आहे, तो शिक्का मी मारलेला नाही. ते विचारतील, मग कुणी मारला? पर्वापासून मी हे उत्तर आरशासमोर म्हणून बघतेय. "दुकानातल्या कुणीतरी" म्हणून बघितलं. "माहीत नाही" म्हणून बघितलं. मी बाबांचं नाव सांगणार आहे, ताई. दुसऱ्याचा शिक्का मारणं हा गुन्हा आहे आणि तो कागद सुनावणीत दाखल झालाय. म्हणजे त्याच दिवशी बाबांना फोन येईल, कदाचित माणसंही येतील, आणि शेठ तर येईलच. दुकानात तेव्हा बाबा एकटे असतील. याचसाठी हे पत्र लिहिलंय. तुला ये म्हणायचा मला काहीच हक्क नाही, तरी म्हणते, रविवारी संध्याकाळच्या गाडीने ये. माझ्याशी बोलू नकोस. बाबांना माफ कर असंही नाही, मीच अजून त्यांच्या ताटाकडे बघू शकत नाही. फक्त सोमवारी सकाळी त्यांच्याजवळ बस. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, पण वर्षभर मीच सगळं वाचून दाखवते आणि ते चष्मा विसरल्याचं नाटक करतात. जे कागद येतील ते कुणीतरी त्यांना वाचून दाखवायला हवेत. शेठ आला तर तोही वाचून दाखवेल, आणि बाबा त्याच्यावर विश्वास ठेवतील. तू वाच. जे लिहिलंय तेच, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मगच त्यांना सही करू दे.

तुझीच,
आ-चेन